पाच आडनावांचा वाडा

भाकऱ्या थापत असाल तर थापत राहा, शेंगा फोडत असाल तर फोडत राहा. मागच्या काही कार्यक्रमांत आम्ही कर्जावर बोललो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्यावर बोललो. आजही विषय तेच दोन आहेत, पण गोष्ट लांबची आहे. इंग्लंडमधल्या एका वाड्याची. वाडा केवढा, तर आज त्यात आख्खी शाळा भरते आणि शेकडो मुलंमुली तिथंच राहतात.

या वाड्याचं नाव स्टो. लंडनच्या वायव्येला, बकिंगहॅम नावाच्या गावाजवळ तो आहे. बांधणारं घराणं टेम्पल आडनावाचं. हे काही पहिल्यापासून राजेरजवाडे नव्हते. मेंढपाळीतून वर आलेली माणसं. १५७१ साली पीटर टेम्पल यानं स्टोची जमीन खंडानं घेतली, पुढं त्याच्या मुलानं ती विकत घेतली. त्या काळात इंग्लंडात लोकरीला मोठा भाव होता. मेंढरांच्या पाठीवर या घराण्याचा पाया उभा राहिला. आपल्याकडच्या धनगर बायकांना हे ऐकून बरं वाटेल.

१६८०च्या आसपास या घराण्यातल्या एकानं तिथं विटांचं नवीन घर बांधलं. पुढच्या शंभर वर्षांत प्रत्येक पिढीनं त्यात काही ना काही वाढवलं. कुणी समोर उंच खांबांची ओसरी काढली, कुणी दोन्ही अंगांना दालनं जोडली, कुणी दक्षिणेची बाजू पार बदलून टाकली. व्हॅनब्रू, केंट, गिब्ज, अ‍ॅडम, सोन अशा त्या काळच्या नावाजलेल्या वास्तुकारांचे हात या एका घराला लागले. पण पहिलं विटांचं घर कुणी पाडलं नाही. ते अजून आत आहे. वरून दगडाचा आणि गिलाव्याचा अंगरखा चढवला, इतकंच.

आपला वाडा कसा असतो ते आठवा. बाहेरून उंच, बंद भिंत आणि एक दिंडीदरवाजा. आत गेलं की चौक, चौकाभोवती सोपे, तुळशीवृंदावन. सगळी शोभा आतल्या माणसांसाठी. स्टोचं उलटं आहे. दक्षिणेची बाजू साडेचारशे फुटांच्या घरात लांब. मध्ये प्रचंड खांब, त्यापुढं उतरत जाणाऱ्या रुंद पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली नजर जाईल तिथवर हिरवळ आणि पाणी. हे घर लांबून बघणाऱ्याचे डोळे दिपावेत म्हणून बांधलेलं आहे. पाहुणा येईपर्यंत त्याच्या मनात बसलं पाहिजे की इथला मालक मोठा आहे.

आतलं मुख्य दालन लंबगोल आहे, त्याला संगमरवरी दालन म्हणतात. सोळा खांब, वर पन्नास फुटांहून उंच घुमट, घुमटाच्या मध्यभागी उजेडासाठी झरोका. रोम शहरातल्या दोन हजार वर्षं जुन्या एका देवळावरून ही कल्पना घेतली. खांबांच्या वर भिंतीला सगळीकडून फिरणारी एक पट्टी आहे. तिच्यात रोमन लोकांची विजयाची मिरवणूक कोरल्यासारखी उठवली आहे. अडीचशेच्या वर माणसं, शिवाय जनावरं. गंमत अशी की खांब संगमरवराचे नाहीतच. जिप्समच्या गिलाव्यात सरस आणि रंग कालवून, घोटून घोटून त्याला संगमरवराचं रूप आणलं आहे. कारागिरी अस्सल, दगड तेवढा नाही. आम्हाला त्यात वाईट काही वाटत नाही, घोटणाऱ्या हातांचं कौतुकच वाटतं. पण या घराची पुढची कहाणी ऐकताना ते खांब लक्षात ठेवा.

आता बागेकडं येऊ. बाग म्हणजे मैलोगणती पसरलेलं रान. त्यात चाळीसच्या आसपास देवळं, कमानी, पूल, मनोरे. देवळं म्हणजे पूजेची नाहीत, शोभेची. टेम्पल या आडनावाचा अर्थच देऊळ, म्हणून घराण्याचं ब्रीदवाक्यही देवळांवरच केलेलं. बागेभोवती एक चर आहे. पाणलोटाच्या कामावर गेलेल्या बायकांना ही गोष्ट लगेच कळेल. चराची एक बाजू सरळ उभी, दगडी भिंत बांधलेली, दुसरी बाजू उताराची. घरातून पाहिलं तर चर दिसतच नाही, हिरवळ सलग वाटते आणि पलीकडची मेंढरं जणू अंगणातच चरतायत असं दिसतं. मेंढरू मात्र भिंतीपाशी अडतं, आत येऊ शकत नाही. इंग्रजीत या चराला ‘हा-हा’ म्हणतात. जनावर दिसावं, पण जवळ येऊ नये अशी ही सोय.

माणसांच्या बाबतीतही तेच झालं. घराजवळ स्टो नावाचं गाव होतं. बाग वाढत गेली तसं गाव नजरेआड झालं. घरं गेली, माणसं आसपासच्या वस्त्यांत गेली. एक जुनं चर्च तेवढं राहिलं, तेही झाडांच्या गर्दीत लपवलेलं. त्या चर्चमध्ये १७४४ साली बागेच्या मुख्य माळ्याचं लग्न लागलं. हा माळी म्हणजे लान्सलॉट ब्राऊन. पुढं तो इंग्लंडातला सगळ्यात प्रसिद्ध बागरचनाकार झाला. बागेतली एक आख्खी दरी त्याच्या हाताखालच्या मजुरांनी फावड्यानं आणि हातगाड्यांनी खोदून काढली. आज बघणाऱ्याला ती निसर्गानंच केलेली वाटते. माळ्याचं नाव जगभर आहे, फावडं मारणाऱ्यांचं कुठंच नाही. रोजगार हमीच्या कामावर आपण किती माती उपसली हे ज्यांच्या कमरेला माहीत आहे, त्यांना यावर वेगळं सांगायला नको.

बागेत दोन देवळं समोरासमोर आहेत. एक मैत्रीचं देऊळ. तिथं मालक आपल्या राजकारणी दोस्तांना घेऊन बसायचा, दारू प्यायचा आणि सरकार कसं पाडायचं ते बोलायचा. समोरचं बाईसाहेबांचं देऊळ, मालकिणीनं मैत्रिणींबरोबर बसावं म्हणून. त्याच्या भिंतींवर चित्रं होती. कसली, तर बायका भरतकाम करतायत, शिंपल्यांची कलाकुसर करतायत, गाणंबजावणं करतायत. आणखी एका ठिकाणी ब्रिटनच्या थोर माणसांचे सोळा अर्धपुतळे मांडलेत. शेक्सपिअर आहे, न्यूटन आहे, राजे आहेत, दर्यावर्दी आहेत. सोळांत बाई एकच, एलिझाबेथ राणी. त्याच वास्तूच्या मागच्या बाजूला एका लाडक्या कुत्र्याचं स्मारक आहे, चांगला लांबलचक लेख कोरून. म्हणजे बायका एक, कुत्रा एक. बरोबरी झाली म्हणायची.

आता आपल्या विषयाकडं येऊ. हा सगळा पैसा आला कुठून? लोकरीचा पैसा सुरुवातीला होता, पण त्यावर असं घर पुरं होत नाही. पैसा आला सुनांकडून.

ज्यानं ही बाग फुलवली त्या लॉर्ड कोबमनं १७१५ साली लंडनच्या एका मोठ्या दारूभट्टीवाल्याच्या लेकीशी लग्न केलं, तिचं नाव अ‍ॅन हाल्सी. तिच्या हुंड्यानं खांब चढले. या जोडप्याला मूल झालं नाही, तेव्हा सगळं त्याच्या बहिणीकडं, हेस्टरकडं आणि तिच्या मुलाकडं गेलं. त्यांचं आडनाव ग्रेनव्हिल. पुढं १७७५ साली घराण्यात मेरी नगेंट आली, आयर्लंडमधल्या श्रीमंताची मुलगी. तिच्या बापानं स्वतः श्रीमंत विधवांशी लग्नं करून पैसा जमवला होता. त्यावरून लंडनमधल्या एका खवचट लेखकानं ‘नगेंट करणे’ असं क्रियापदच बनवलं! नंतर १७९६ साली अ‍ॅना एलिझा ब्रिजेस आली, चांडोसच्या ड्यूकची एकुलती एक मुलगी. ड्यूक म्हणजे तिथल्या सरदारांतला सगळ्यात वरचा किताब.

प्रत्येक लग्नाबरोबर इस्टेट आली आणि इस्टेटीबरोबर आडनाव जोडलं गेलं. शेवटी या घराण्याचं आडनाव झालं टेम्पल-नगेंट-ब्रिजेस-चांडोस-ग्रेनव्हिल. एका माणसाला पाच आडनावं. सही करता करता दौत संपायची.

आपण म्हणाल, चला, निदान सुनेचं आडनाव तरी ठेवलं. पण कायदा काय होता ते ऐका. तेव्हा इंग्लंडात लग्न लागलं की बाईची रोकड, दागिने, तिची कमाई, सगळं नवऱ्याचं. तिच्या नावच्या जमिनीचं उत्पन्नही त्याच्या हातात. बड्या घराण्यांतले बाप वकील लावून लेकीसाठी वेगळा करार करून थोडंफार राखून ठेवत. गरिबाच्या लेकीला तीही सोय नव्हती. लग्न झालेल्या बाईला स्वतःची कमाई स्वतःकडं ठेवायचा हक्क १८७० साली मिळाला आणि सगळ्या मालमत्तेचा १८८२ साली. आपल्याकडं स्त्रीधन हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून होता. कागदावर होता, हातात किती यायचा ते सोडा.

अ‍ॅना एलिझाच्या इस्टेटीत आणखी एक गोष्ट आली, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तिच्या आईकडून जमैका बेटावरचा होप नावाचा उसाचा मळा आला. तिथं आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं, बायका, पोरं गुलाम म्हणून राबत होती. उसाच्या फडात काम केलेल्या बाईला उसाचं पातं कसं कापतं ते ठाऊक आहे. त्या बायकांना मजुरी नव्हती, उचल नव्हती, सुटका नव्हती, आणि पोटचं मूलही मालकाच्या मालकीचं. १८३३ साली इंग्लंडनं गुलामगिरी बंद करायचा कायदा केला, तेव्हा सरकारनं भरपाई दिली ती मालकांना, २ कोटी पौंड. राबणाऱ्यांना छदाम नाही. स्टोच्या घराण्यालाही त्यातला वाटा मिळाला. ती गुलामगिरी बंद होऊ नये म्हणून पार्लमेंटात झगडणाऱ्यांत अ‍ॅना एलिझाचा मुलगा पुढं होता.

हाच मुलगा पुढं दुसरा ड्यूक झाला आणि त्यानंच घर बुडवलं. खरं तर सुरुवात बापानं केली. बापानं पुस्तकं, चित्रं, जमिनी घेत घेत इतकं कर्ज केलं की १८२७ साली तो स्वतःच्या जहाजातून इटलीकडं निघून गेला. खर्च कमी करायला म्हणे! जहाजाला बायकोचंच नाव दिलेलं होतं, अ‍ॅना एलिझा.

मुलगा त्याच्या पुढचा. त्याला जमिनीचा सोस. जमीन जास्त म्हणजे मतदार कुळं जास्त, म्हणजे राजकारणात वजन जास्त. म्हणून कर्ज काढून जमीन घ्यायची. आता गटातल्या हिशोबनीसबाईंनी कान द्यावा. जमिनीतून वर्षाला शंभराला साधारण तीन मिळायचे आणि कर्जाचं व्याज शंभराला चार-पाच जायचं. जितकी जमीन जास्त तितका तोटा जास्त. तोटा भरायला पुन्हा कर्ज, मागचं व्याज फेडायला पुढचं कर्ज. आपल्या गटात एखादी बाई एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीकडून उचलते तेव्हा आपण तिला थांबवतो. ड्यूकला थांबवणारं कोण होतं? १८४४ साली मुलगा सज्ञान झाला तेव्हा कागदांवर त्याचीही सही घेतली, कारण वाडवडिलांच्या इस्टेटीवर बोजा चढवायला वारसाची संमती लागत होती. एकवीस वर्षांचं पोर. बापानं कागद पुढं केला, त्यानं सही केली.

आणि याच वेळी, १८४५च्या जानेवारीत, व्हिक्टोरिया राणी पाहुणी म्हणून येणार असं ठरलं. घरात व्याजाला पैसे नाहीत आणि राणीसाठी दालनं सजतायत, नवं सामान येतंय, मेजवान्या झडतायत. लग्नात मंडप मोठा घातला नाही तर लोक काय म्हणतील, हे जे आपल्याकडं चालतं ना, तेच ड्यूकच्या घरात चाललं होतं. फक्त शून्यं जास्त होती.

दोन-अडीच वर्षांत सगळं कोसळलं. कर्ज दहा लाख पौंडांच्या वर गेलं होतं. १८४८च्या ऑगस्टपासून स्टोमध्ये लिलाव सुरू झाला, तो चाळीस दिवस चालला. चित्रं, पुतळे, चांदी, चिनी मातीची भांडी, गालिचे, तळघरातली दारू. लोक लांबून गाड्या करून बघायला आले. शेक्सपिअरचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र तिथं होतं, चांडोस घराण्याकडून आलेलं. तेही त्या लिलावात गेलं. पुढं ज्यानं विकत घेतलं त्यानं ते देशाला दिलं, आज ते लंडनच्या संग्रहालयात आहे. चाळीस दिवसांच्या लिलावातून मिळाले सुमारे ७५ हजार पौंड. म्हणजे दहा लाखांच्या कर्जात शंभराला साडेसातसुद्धा नाहीत. शोभेच्या वस्तूची किंमत घेताना एक आणि विकताना एक, हे सोनं गहाण ठेवलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. ड्यूकच्या बायकोनं, मेरीनं, १८५० साली त्याच्याशी घटस्फोट घेतला.

ज्या पोरानं सही केली होती तो पुढं तिसरा ड्यूक झाला. त्यानं मात्र कामाला हात घातला. एका मोठ्या रेल्वे कंपनीचा अध्यक्ष झाला, जमिनी विकल्या, एकेक देणं फेडत गेला. १८७५ साली तो मद्रासचा गव्हर्नर होऊन हिंदुस्थानात आला. इथं येऊन वर्ष होतंय तोच १८७६चा मोठा दुष्काळ पडला. तोच दुष्काळ, ज्यात आपल्या सोलापूर, नगर, सातारा भागातही माणसं आणि गुरं पटापट मेली. मद्रास शहरात दुष्काळी कामावरच्या मजुरांनी जो कालवा खोदला, त्याला या ड्यूकचं नाव मिळालं, बकिंगहॅम कालवा. तो चेन्नईत आजही आहे. स्टोची दरी खोदणारे आणि हा कालवा खोदणारे, दोघांची नावं सारखीच हरवलेली.

१८८९ साली तिसरा ड्यूक वारला. तीन मुली, मुलगा नाही. म्हणून ड्यूकचा किताब तिथंच संपला. घर थोरल्या मुलीला, लेडी किनलॉसला मिळालं. तिनं ते कसंबसं राखलं. तिचा थोरला मुलगा पहिल्या महायुद्धात १९१४ सालीच मारला गेला. त्यानंतर घर राखायचं कुणासाठी? १९२१ साली पुन्हा लिलाव. या वेळी घर, जमीन, सगळंच. पायऱ्यांवरचे दोन सिंहसुद्धा विकले गेले, ते ब्लॅकपूल नावाच्या गावच्या बागेत जाऊन बसले.

अशी घरं त्या काळात इंग्लंडात कितीतरी पडली. राखायला नोकर नाहीत, कर भरायला पैसा नाही, मग छपराचं शिसं विकायचं आणि भिंती पाडायच्या. स्टो वाचलं ते शाळेमुळं. ११ मे १९२३ रोजी तिथं शाळा सुरू झाली, मुलगे होते ९९. संगमरवरी दालनातून शाळकरी पोरांची वर्दळ सुरू झाली, मेजवानीच्या दालनात पोरं जेवायला बसली, ग्रंथालयाचं ग्रंथालयच राहिलं. एक गोष्ट आम्हाला खटकली. शाळेला प्रार्थनागृह हवं होतं, तर त्यासाठी बागेतल्या एका मोठ्या देवळाचे सोळा खांब काढून नेले. पुढं बाग राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या संस्थेकडं गेल्यावर ते खांब नव्यानं घडवून बसवावे लागले. घरासाठीही आता वेगळा विश्वस्त निधी आहे. सिंह परत मिळाले नाहीत, पण त्यांच्या नकला करून पुन्हा पायऱ्यांवर बसवल्या आहेत.

शाळा गरिबांची नाही, हेही सांगायला हवं. भरमसाट फी घेणारी आहे. पण तिथं शिकलेला एकजण, लेनर्ड चेशायर, विमानदलातला अधिकारी, यानं युद्धानंतर अपंग आणि आजारी माणसांसाठी घरं काढली. त्याच्या कामातलं एक घर मुंबईतही निघालं. आपल्यापैकी कुणी तिकडच्या ‘चेशायर होम’चं नाव ऐकलंही असेल.

शाळेत मुली यायला मात्र वेळ लागला. १९७४ साली फक्त वरच्या दोन वर्गांत घेतल्या, आणि सगळ्या वर्गांत २००५ साली. बाईसाहेबांचं ते देऊळ, भरतकामाच्या चित्रांचं, शाळेनं संगीतासाठी वापरायला घेतलं. चित्रं केव्हाच गेली आहेत. शाळेतल्या राहण्याच्या घरांना घराण्यातलीच नावं दिली आहेत. एक टेम्पल, एक कोबम, एक ग्रेनव्हिल, एक चांडोस. आणि मेरी तिच्या लग्नात जे आडनाव आणि जी इस्टेट घेऊन आली होती, ते नगेंट हे नाव आता मुलींच्या एका वसतिगृहाचं आहे.